वहिनीचा पूल

वॉर्डच्या दारातच वन्संचे पाय अडखळले. त्यांना 'वन्सं' म्हणणारी जगात एकच वहिनी, आणि तिच्याशी कित्येक वर्षं अबोला. कशावरून, तर आईच्या शिलाई मशीनवरून! आई गेल्यावर ते कुणी न्यायचं यावरून नणंद-भावजयीत अशी जुंपली की दोघींनी एकमेकींचं तोंड बघणं सोडलं. मशीन शेवटी माळ्यावर गंजलं. काय म्हणावं या बायकांना.

आता वहिनीच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. भावाने फोनवर बजावलं होतं, भेटायला ये, पण तिला बोलायला लावू नकोस, डॉक्टरांची सक्त मनाई आहे. वन्संना एवढंच हवं होतं, तिच्या मनातली अढी गेली की नाही ते कळावं. न बोलणाऱ्या माणसाकडून ते कसं कळणार, हेच सुचत नव्हतं.

तशा एके काळी या दोघी न बोलताच तासन्‌तास गप्पा मारायच्या. काय दिवस होते ते! दोघींना टेलिफोन खात्याची परीक्षा द्यायची होती आणि इंग्रजी वाक्प्रचार काही डोक्यात शिरत नव्हते. पाठांतर दुपारी, स्वयंपाकघरात, आणि पलीकडे आई झोपलेली. आवाज झाला की खैर नाही, म्हणून सगळं हातवाऱ्यांनी. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे धो धो पाऊस, तर वहिनी ओट्यापाशी पंजे उगारून मांजर व्हायची आणि वन्सं ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसायच्या. 'वॉटर अंडर द ब्रिज' मात्र एकटीला जमायचं नाही. वहिनी हाताची कमान धरायची, वन्सं तिच्याखालून बोटं लहरवत न्यायच्या. अर्थ एवढाच, की झालं ते झालं, आता मनात काही नाही.

वन्सं खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"वहिनी, तेव्हा मी फार बोलले गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "अजून राग आहे?"

वहिनीच्या एका हाताला सलाईन होतं. दुसरा तिने चादरीवर टेकवला, हळूच मनगट उचलून कमान केली आणि थांबली.

वन्संना आधी उमगेना. मग उमगलं आणि डोळे भरून आले. बोटं लहरवत त्यांनी कमानीखाली घातली. ती पलीकडे निघायच्या आत वहिनीने घट्ट धरून ठेवली.

शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. वन्संनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.