चतुर्दशीचं मौन

प्रणिताला दरदरून घाम फुटला तो नोंदणी कचेरीच्या बाकावर, भिंतीवरचं कॅलेंडर वाचताना. आजच्या चौकोनात चतुर्दशी छापली होती, आणि चतुर्दशीला आप्पा बोलत नसत. प्रणिताला वाढवणारी आई, म्हणजे आप्पांची बायको, गेल्यापासून अठरा वर्षं, सूर्य मावळेपर्यंत चकार शब्द नाही. सकाळपासून ते गप्प होते, आणि या प्रणिताबाईला वाटलं, सोमवारच्या ऑपरेशनची काळजी लागलीय. मृत्युपत्राची नोंदणी खरं तर काल व्हायची, पण सर्व्हर बंद पडला आणि तारीख आजवर आली. जैन घरात चतुर्दशीला पालेभाजी वर्ज्य, म्हणून जन्मभर तिथी बघून भाजी चिरणारी ही पोरगी नेमकी आजची तिथी बघायला विसरली.

बोरगावातलं घर आप्पांनी, म्हणजे जिनाप्पांनी, तंबाखूच्या दलालीतून स्वतः बांधलेलं. प्रणिता दोन वर्षांची असताना तिचे आईबाप अपघातात गेले आणि आप्पांनी मित्राची ही पोर उचलून आणली. दत्तकाचा कागद करायचा राहिला. आपलीच तर आहे, कागद कशाला, असं म्हणण्यात तीस वर्षं गेली.

निपाणीच्या वकिलांनी मात्र साफ सांगितलं होतं. "दत्तकपत्र न्हाय, म्हणजे कायद्यानं तू त्यांची कोण न्हाईस. मृत्युपत्राबिगर काय बरंवाईट झालं तर घर पुतण्याला. नोंदणीची सक्ती न्हाय, दोन साक्षीदारांसमोर सही झाली तरी चालतंय. पण वृषभ कोर्टात वढणारच. म्हणून रजिस्ट्रार साहेबासमोर आप्पांना तोंडानं सांगू दे."

तो पुतण्या, वृषभ, तर गावभर सांगत फिरत होता, म्हातारा गेला की दुसऱ्या दिवशी घराला कुलूप. तेव्हापासून प्रणिता रोज दाराचं कुलूप दोनदा ओढून बघे.

नाव पुकारलं. साक्षीदार म्हणून आलेले भरमू आणि मालुबाई हे शेजारी मागे उभे राहिले. साहेबांनी कानडीत विचारलं, "हे मृत्युपत्र तुमच्याच इच्छेनं केलंय?"

आप्पांनी मान हलवली.

"मान नको, तोंडानं सांगा. पुतण्याला का वगळलं?"

आप्पा गप्प. साहेबांनी चष्म्यावरून प्रणिताकडे पाहिलं. "यांना कळतंय ना? की धरून आणलंय?"

अडखळत प्रणितानं मौनाचं सांगितलं.

"मग मौन सुटल्यावर या. उद्या रविवार, सोमवारच्या वेळा भरल्यात. मंगळवारी," असं म्हणून साहेबांनी कागद बाजूला सारले.

मंगळवार! सोमवारी बेळगावात आप्पांची छाती उघडणार होते. ती त्यांच्या कानाशी वाकली. "आप्पा, एक शब्द. सोमवारी जर..." जिवंत माणसाच्या कानात आपण हे काय सांगतोय, या विचारानं तिला स्वतःचीच भीती वाटली.

आप्पांनी डोळे मिटले, णमोकार मंत्र म्हणत असावेत. मग कानडीतच, खरखरीत आवाजात ते बोलले. "ही माझी लेक. पुतण्याला त्याच्या बापाचं घर हाय. माझं घर हिचं."

शिक्का बसला, फोटो झाला, अंगठे झाले.

बाहेर येताच आप्पांनी वकिलांच्या पाकिटावर लिहिलं, 'मौन मोडलं. उद्या प्रायश्चित्ताचा निर्जळी उपास.' साखर उतरू देऊ नका, असं डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. घर मिळालं, आणि घराचा माणूसच जातोय की काय! ती रस्त्यातच रडायला लागली.

"मी मोडायला लावलं, आप्पा. उद्याचा उपास माझा. आजचं मौन पण माझं, दिवस मावळंपर्यंत. तुम्ही जेवायचं."

आप्पांनी पाकिटावरची ओळ खोडली. बसमध्ये दोघंही मुकी. कंडक्टरला तिनं दोन बोटं दाखवली.

घराच्या कट्ट्यावर वृषभ बसलेला. "कुठं गेलतासा? म्हाताऱ्याकडनं कशावर सही घेतलीस? बोल की गं!"

एरवी त्यानं दरडावलं की ती घाबरून सगळं सांगून मोकळी व्हायची. आज ऊन अजून भिंतीवर होतं, मौन सुटलं नव्हतं. ती दाराकडे गेली. तो पाठोपाठ आला, अगदी जवळ, ओरडत. घाईत तिची किल्ली कुलपाला लागेना. आप्पांनी मागून तिचं मनगट धरलं, आणि कुलूप उघडलं.