चार पाकिटं

ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्य सिस्टर, फार कडक. त्यांच्यासमोर सर्जनसुद्धा टोपी नीट करून घेत. पंधरा वर्षांत एखादी वस्तू मागितली आणि हातात पडायला उशीर झाला, असं एकदाही घडलं नव्हतं, आणि हे त्या कुणी न विचारताही सांगत. त्यामागचं गुपित साधं होतं. भिंतीवर सर्जनच्या प्रत्येक ऑपरेशनला लागणाऱ्या सामानाची यादी होती. यादीतली झाडून सगळी पाकिटं आधीच फोडून ट्रेवर मांडायची. वापरलं तर वापरलं, नाहीतर कचऱ्यात. कारण एकदा उघडलेली निर्जंतुक वस्तू पुन्हा कपाटात जात नाही. बिलात मात्र जाते.

मग बाईंच्या धाकट्या दिराच्या पित्ताशयात खडे निघाले. दीर शिंपी. विम्याची मर्यादा संपून वर जी रक्कम उरत होती, तिच्यासाठी जाऊबाईंचं काज-बटणाचं मशीन विकायचं ठरलं. जाऊबाईंची स्वतःची म्हणावी अशी कमाई त्या एका मशीनवर होती. गिऱ्हाईक बघून गेल्यापासून त्यांनी मशीनवर चादर टाकली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दीर खर्चाच्या अंदाजाचा कागद मांडीवर घेऊन खाटेवर बसला होता.

"वहिनी, ही शेवटची चार पाकिटं कसली?"

"लागतात, भाऊजी. म्हणजे, लागली तर असावीत."

"आणि नाही लागली तर?"

"उघडलेली असतात ना."

दिराने चष्मा काढला. "माझ्या दुकानात गिऱ्हाईक दहा तागे उलगडायला लावतं आणि एका शर्टाचं कापड घेतं. उलगडले म्हणून दहाही ताग्यांचे पैसे लावले, तर मला जोड्याने मारतील."

"पोट म्हणजे शर्ट नव्हे," बाई फणकारल्या. "आणि बाकीच्यांचं विमा कंपनी देते. कुणाचं काही जात नाही."

"कंपनी कुठून आणते? हप्ते आम्हीच भरतो की."

बाई तरातरा निघून गेल्या.

सकाळी त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि कित्येक वर्षांनी यादी खरोखर वाचली. शेवटच्या चार ओळी त्यांच्याच अक्षरात होत्या: निचऱ्याची नळी, रक्त थांबवणारी जाळी, जादा क्लिपा, जाड टाके. शेवटची तीन कधी वापरली होती, ते काही केल्या आठवेना. दिराच्या लग्नात कोण जेवायचं राहिलं होतं ते आठवणाऱ्या बाईंना हे आठवेना.

त्यांनी चारही पाकिटं बंदच ठेवली, हाताशी. धाकटी सिस्टर आ वासून बघत राहिली. घरच्याच माणसावर आपण प्रयोग करतोय, काही कमीजास्त झालं तर जावेला तोंड कसं दाखवायचं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

अर्ध्या तासाने सर्जन म्हणाले, "नळी."

बाईंनी पाकीट फोडलं आणि नळी पुढे केली. सर्जननी मानही वर केली नाही. धाकट्या सिस्टरने तेवढं घड्याळाकडे पाहिलं. चार सेकंद लागले होते.

बाकीची तीन कुणी मागितली नाहीत. टाके घालताना बाईंनी विचारलं, "सर, ही तीन तुम्ही शेवटची कधी वापरलीत?"

"ती होय? मी नाही वापरत. मला वाटायचं, तुमचा नियम आहे. तुमच्यापुढे कोण बोलणार?"

"मला वाटायचं, तुम्हाला लागतात."

सर्जन खो खो हसले. बाईंना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन पाकिटं वजा होऊन बिल आलं आणि मशीन वाचलं. जाऊबाईंचे डोळे भरून आले. दीर पोट धरून म्हणाला, "वशिला असावा तर असा! आपलं माणूस आत होतं म्हणून निभावलं."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं हेच ऑपरेशन दिराच्या आदल्या दिवशी झालं होतं. तो छताकडे बघत शांतपणे म्हणाला, "आमचं कुणी नव्हतं आत."

त्याची चारही पाकिटं बाईंनी स्वतः फोडली होती. एकही लागलं नव्हतं. बाईंना शरमेने तिथे उभं राहवेना.

त्या भिंतीवरची यादी काढून व्यवस्थापकांकडे गेल्या. शेवटच्या चार ओळींना कंस करून त्यांनी पुढे लिहिलं होतं, 'मागितल्याशिवाय उघडू नये', आणि सही. ते वाचून व्यवस्थापक मालाची नासाडी टळणार म्हणून खूश झाले आणि त्यांनी शिक्का मारला.

"आणि शेजारच्या खाटेच्या बिलातून चारही पाकिटं काढा," बाई म्हणाल्या.

"बाई, उघडलेला माल आहे तो. कुणाच्या तरी नावावर टाकावाच लागेल."

"माझ्या टाका."

"एकाचं ठीक आहे हो," ते हसत म्हणाले. "पंधरा वर्षांचं काय करणार?"

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि पंधरा वर्षांतली ऑपरेशनं मोजू लागल्या.