घर हललं, भुंगे राहिले

समुद्र कडा खात खात दाजींच्या अंगणापर्यंत आला होता. तरी दाजी घर हलवू देत नव्हते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, क्लोरिंदाताईचे यजमान, बाउदिलिओ. ताई वारली गेल्या हिवाळ्यात. दक्षिण चिलीतल्या आमच्या चिलोए बेटावर माणसं घर सोडत नाहीत, घरच ओढून नेतात. खाली ओंडके घालायचे, बैल जुंपायचे, सगळ्या गावानं दोर धरायचे आणि मालकानं पोटभर जेवू घालायचं.

पण दाजींचं एकच पालुपद. "क्लोरिंदा इथं येते."

येत होता मोस्कार्दोन. अंगठ्याएवढा, नारिंगी, केसाळ भुंगा. मेलेलं माणूस त्याच्या रूपानं घर बघायला येतं, असं आमच्यात मानतात. भिंतीत थंडीसाठी कोंबलेल्या लोकरीत या भुंग्यांनी घरटं केलं होतं.

ताईनं त्यांचे फार लाड केले. रोज सकाळी टोमॅटोच्या पॉलिहाऊसचं दार त्यांच्यासाठी उघडायची. मला ते खूळ वाटायचं. एकदा तिनं मला दंडाला धरून आत नेलं. एक भुंगा फुलाला उलटा लटकला, त्याला घट्ट मिठी मारली आणि पंख मिटून असा गुरगुरला की फूल थरथरलं आणि पराग पिठासारखा त्याच्या पोटावर सांडला.

"मधमाशीला नाही जमत हे," ताई म्हणाली. "टोमॅटोचं फूल मूठ मिटून बसतं. यांनी हलवलं तरच सोडतं."

माझ्या अंगावर काटा आला होता. पण कबूल कोण करतो?

शेवटी मीच दाजींना म्हटलं, "घरटं भिंतीत आहे ना? मग भिंत जाईल तिथं ताई येईल. तुम्ही इथं कुणाला धरून बसणार?"

"शब्द देतेस?"

"दिला."

भर दुपारी, लख्ख उन्हात घर निघालं. शेजारच्या अबेलार्दोचे बैल पुढे, मागे अख्खं गाव. टेकडीवर चर्चशेजारी घर टेकलं, तशी मटणाची पातेली उघडली, अकॉर्डियन सुरू झाला. दाजी मात्र कुठंच दिसेनात. मी खाली धावले.

घराच्या जागी नुसते दगड उरले होते, त्यातल्याच एकावर दाजी बसले होते. आणि मोकळ्या हवेत, छातीएवढ्या उंचीवर, भुंगे तरंगत होते. पायांना परागाचे पिवळे गोळे घेऊन एकेक येत होता, भिंतीतलं भोक जिथं होतं नेमक्या तिथंच थबकत होता, घिरटी घालून पुन्हा तिथंच. भिंत नव्हती, पण त्यांना ती बोटभरही चुकत नव्हती.

आम्ही घरं हलवण्यात पटाईत. घरात कोण आहे ते बघतो. कामाला बाहेर कोण गेलंय, ते बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"भिंत गेली, क्लोरिंदा इथंच राहिली," दाजी म्हणाले. "मीही राहतो. तू जेवायला जा."

अबेलार्दो शोधत आला. "काय हो, भुंग्यांसाठी बैल परत जुंपू का?"

"जुंप. आधी स्वतःला जुंप," मी म्हटलं. तो गेला.

तिन्हीसांजेला वारा सुटला. भुंगे गारठून एकेक गवतावर उतरले. मी पदराची ओटी करावी तसा डोक्याचा रुमाल पसरला आणि त्यांना उचलू लागले.

"सोड, चिरडशील," म्हणत दाजी उठले. आपली लोकरीची टोपी काढून त्यांनी एकेकाला आत ठेवलं. टोपी छातीशी धरून ते टेकडी चढले, भिंतीतल्या भोकाशी टेकवून उभे राहिले. आतून गुणगुण ऐकू आली. भुंगे आत गेले. मग दाजीही घरात गेले.

सकाळी ऊन आल्यावर पहिला भुंगा निघाला. पण उडून गेला नाही. वळून भोकाकडे तोंड केलं आणि हवेत डावीकडे-उजवीकडे झुलत मागं मागं जाऊ लागला, दर झोक्याला जरा लांब.

"हे काय चाललंय?"

"घर कुठं आलंय ते पाठ करतोय," दाजी म्हणाले.

काही भुंगे तरीही जुन्या जागीच गेले. संध्याकाळी दाजींनी त्यांना पुन्हा टोपीत घालून आणलं. दुसऱ्या दिवशीही आणलं.

एका सकाळी मी दूध घेऊन गेले, तर दाजी घराकडे तोंड करून उलट्या पावलांनी अंगण उतरत होते. दार बघत, खिडकी बघत, कौलांमागचा चर्चचा मनोरा बघत.

"दाजी, मागं खड्डा आहे."

"बोलू नकोस," ते म्हणाले. "चुकतं माझं."