माझ्या अंगावरचा खोटा बोकड

मी एक जुना लेख आहे. कागदावरचा नव्हे, इंटरनेटवरच्या, कुणीही येऊन लिहावे अशा मोठ्या विश्वकोशातला. अमेरिकेतल्या टर्लो शहरातल्या साउथ टर्लो हायस्कूलचा इतिहास सांगणे हे माझे काम. मित्रांनो, या कामात माझ्या अंगाला जे जे फासले गेले, ते आठवले की मला आजही शिसारी येते.

जन्मलो तेव्हा मी स्वच्छ होतो. एका माजी विद्यार्थ्याने रविवारच्या दुपारी मला चार वाक्यांत लिहिले. शाळा कधी उघडली, विटा कुठून आल्या, पुरात तळमजला कसा बुडाला, एवढेच. किती बरे वाटायचे तेव्हा! मग लोक येऊ लागले. कुणी माझ्या मधोमध घाणेरडी शिवी लिहून पळाले. शाळेच्या ऑफिसने माहितीपत्रकातला 'उत्कृष्टतेचा ध्यास' उचलून माझ्या डोक्यावर थापला. 'नामवंत माजी विद्यार्थी' या भागात गालिचे विकणारे एक गृहस्थ स्वतःच घुसले, तेही दुकानाच्या वेळांसकट. पुसणारे पुसत होते, पण धुतलेल्या अंगावर पुन्हा कुणीतरी थुंकावे तसे चालले होते.

त्यातच तो बोकड आला. साउथ टर्लोच्या फुटबॉल संघाला 'बोकड' म्हणतात. ते नाव कसे पडले, हे माझ्यात नव्हते. कंप्युटरच्या तासाला कंटाळलेल्या एका मुलीने गंमत म्हणून लिहून टाकले, की पहिले मुख्याध्यापक इझिकेल थॉर्न यांनी घंटाघरात एक बोकड पाळला होता आणि ते त्याला रोज बायबल वाचून दाखवत. ती हसत हसत घरी गेली. ते वाक्य माझ्यात राहिले.

शाळेला शंभर वर्षे झाली तेव्हा शहरातल्या पेपरच्या बातमीदाराने घाईघाईत माझ्यातून तो बोकड उचलला आणि छापला. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी आले आणि माझ्या त्या वाक्याला छोटा आकडा लावून खाली तळटीप दिली. पुरावा कोणता? तोच पेपर! माझीच उलटी मलाच ताटात वाढली, मित्रांनो, आणि ती चमचमीत आहे असे सगळे म्हणू लागले. एवढी किळस मला शिव्यांचीही आली नव्हती.

माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष क्लेटन ऑर्डवे यांना ती गोष्ट फारच आवडली. शरद ऋतूतल्या मोठ्या सामन्याला जुने विद्यार्थी गावी परततात, तेव्हा शाळेच्या दारात थॉर्नसाहेब आणि त्यांच्या बोकडाचा कांस्यपुतळा बसवायचे ठरले. खालच्या पाटीवरचा मजकूर माझ्यातून घ्यायचा होता.

माझे पान ज्याच्या पडद्यावर उघडे असते, त्याच्या घरातले बोलणे माझ्या कानावर पडतेच. त्या उन्हाळ्यात मी ॲगाथा हुडॅक या नव्वदी ओलांडलेल्या बाईंच्या स्वयंपाकघरात उघडा होतो. शाळेत इतिहास शिकवणारी रोवेना पिट्स मला मोठ्याने वाचून दाखवत होती. टेबलावर खसखशीचा रोल होता.

"घंटाघरात बोकड?" ॲगाथाबाईंनी कप खाली आपटला. "अगं पोरी, थॉर्नला बोकडाच्या वासाने मळमळायचं! बकऱ्या आमच्या होत्या. गिरणीमागच्या चाळींत घरोघरी बकरी. मी स्वतः दूध काढलंय. आम्ही स्लोव्हाक, युरोपातून गिरणीत कामाला आलेली माणसं, आमच्या अंगाला वास यायचा म्हणे. टेकडीवरच्या श्रीमंतांच्या शाळेतली पोरं सामन्याला आली की आम्हाला बघून 'बें बें' करायची."

"मग नाव त्यावरून पडलं?"

"पडलं नाही, आम्ही घेतलं! माझ्या भावाने, स्टीव्हने, आमचाच बोकड शाळेच्या रंगाचं कापड घालून मैदानात आणला. म्हटलं, घ्या, हा बघा आमचा कॅप्टन. त्या दिवशी आम्ही जिंकलो." मग त्यांचा आवाज उतरला. "आता तो बोकडही साहेबांचा झाला होय? स्टीव्ह गेला, सगळे गेले. मी मेल्यावर तर काय, पाटीवर लिहिलंय तेच खरं."

रोवेनाने तिथेच बसून मला दुरुस्त केले. किती हलके वाटले! पण तासाभरात क्लेटनसाहेबांनी थॉर्नचा बोकड परत माझ्यावर चढवला आणि तिला फोन केला.

"रोवेना, म्हातारीच्या आठवणींवर इतिहास लिहितात का? माझं पेपरात छापून आलंय."

"पेपरने या लेखातूनच घेतलंय, क्लेटन!"

"ते तू सिद्ध कर. छापलेलं आण, मी स्वतः पाटी बदलतो. नाहीतर पुतळेवाल्याला मजकूर चाललाय."

आणि त्यांच्या बाजूला आमच्याकडचा नियम होता. डोळ्यांनी पाहिलेले आमच्याकडे चालत नाही, छापलेले लागते. नियम वाईट नाही. तो नसता तर गालिचेवाले राष्ट्राध्यक्ष झाले असते. पण हाताने दूध काढणारी बाई समोर बसलेली आणि मी मात्र त्या भाकडकथेला कवटाळून! मला माझाच वीट आला.

रोवेना पुन्हा ॲगाथाबाईंकडे गेली. "मिसेस हुडॅक, तुमच्याबद्दल कधी कुठे काही छापून आलं होतं?"

"आमच्याबद्दल चांगलं कोण छापणार?"

"आणि वाईट?"

बाई खुदकन हसल्या. "वाईट पुष्कळ. टेकडीवरच्यांचं एक साप्ताहिक होतं ना!"

ते साप्ताहिक कधीच बंद पडले होते, पण शहराच्या ग्रंथालयात त्याच्या पानांचे फोटो उतरवलेली जुनी फिल्म होती. रोवेना दोन दिवस यंत्राला डोळे लावून बसली आणि तिला एका सामन्याची बातमी सापडली. त्यात छापले होते, 'चाळीतल्या बकरीवाल्यांची घाणेरडी पोरे काल खराखुरा बोकड घेऊन मैदानात उतरली आणि निर्लज्जपणे स्वतःला बोकड म्हणवू लागली.'

झाले! खोट्या बोकडाला माझ्यातून हाकलले, त्याच्या तळटीपेसकट. तिथे स्टीव्हचा बोकड आला आणि त्याच्याखाली ही शिवी पुरावा म्हणून बसली.

क्लेटनसाहेब शब्दाला जागले, पण ॲगाथाबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन चुळबुळत राहिले. "अहो, पण पाटीवर 'घाणेरडी पोरे' कसं लिहायचं? लोक काय म्हणतील?"

"लिहा की," ॲगाथाबाई म्हणाल्या. "आम्ही ती शिवी जर्सीवर मिरवत हिंडलो. तुम्हाला पाटीवर जड जातंय?"

शरद ऋतूत नुसत्या बोकडाचा पुतळा उभा राहिला. थॉर्नसाहेब वगळले गेले. पाटीवर शिवी आहे, जशीच्या तशी.

मित्रांनो, माझ्या अंगावर अजूनही घाण पडते. परवाच कुणीतरी घंटाघर पुन्हा आणले होते. माझी विनवणी एवढीच आहे. माझ्यात घाण दिसली तर नाक धरून पुढे जाऊ नका, थांबा आणि पुसा. वाक्यापुढचा तो बारीक आकडा दाबून खाली काय आहे ते बघा. गोड गोड गोष्टींखाली कित्येकदा काहीच नसते. माझ्यातल्या सगळ्यात खऱ्या वाक्याखाली एक शिवी आहे, आणि तिच्यावर बोट ठेवून नव्वदी ओलांडलेली एक बाई हसत हसत 'बें' म्हणाली होती. ते मात्र कुठे छापून आलेले नाही, म्हणून मला लिहिता येत नाही. तुम्ही तेवढे लक्षात ठेवा.