सात हसरे चेहरे

"फोननं केलं, मी नाही, एवढं मला कागदावर लिहून द्या," काउंटरवर दोन्ही हात टेकून इस्त्रीवाल्या ताई म्हणाल्या.

मोबाइल दुरुस्तीच्या सेंटरवर मला अकरा वर्षं झाली. डोळ्याला सदा भिंग, म्हणून सगळे मला भिंगबाई म्हणतात. गिऱ्हाइकं डोकं खातात, त्याची सवय आहे. पण असला कागद मागणारी ही पहिलीच.

झालं होतं असं. ताईंच्या वहिनीची आई गेली. भावानं घरच्या ग्रुपवर कळवलं. बातमी वाचून ताई फोन तसाच उघडा ठेवून लॉन्ड्रीच्या मालकिणीकडे सुट्टी मागायला गेल्या. परत येईतो फोननं आपल्या मनानं ग्रुपवर सात हसरे चेहरे पाठवले होते. तो हल्ली हात न लावता कुणालाही फोन लावायचा, काहीबाही टाइप करायचा. भाऊ म्हणाला, आता फोनवर ढकलू नकोस. चार महिने बहीणभावांचं बोलणं बंद.

मी फोन उघडला. आत एक पांढरी टिकली असते, ओल लागली की लाल होते. ती लालभडक. टिकली लाल म्हणजे फोन पाण्यात पाडला, चूक गिऱ्हाइकाची, असा कंपनीचा नियम. नेमके कंपनीचे साहेब तपासणीला आलेले. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला आणि सही करा म्हणाले.

माझं डोकं तडकलं. असल्या किती टिकल्यांवर मी मुकाट्यानं सह्या केल्या होत्या, ते आठवून जास्तच. काचेच्या डाव्या कोपऱ्यात नखभर जागेत गोंदच नव्हता. इस्त्रीची वाफ तिथूनच आत शिरली होती. साहेब म्हणाले, पडल्यावर सुटला असेल.

हातच्या कंकणाला आरसा कशाला? मी त्याच मॉडेलचा नवाकोरा डबा त्यांच्याच हातानं फोडायला लावला. पातळ कागदाची पट्टी घेतली आणि काचेच्या कडेकडेनं फिरवली. सगळीकडे अडली. डाव्या कोपऱ्यात सुळकन आत गेली. साहेबांनी दुसरा डबा फोडला. तिथंही तेच. तिसरा मीच फोडला.

"हा कुठल्या पाण्यात पडला, साहेब?"

पण माणूस सरळ निघाला. त्यांनी फॉर्मवर 'बनावटीतला दोष' लिहिलं आणि मी सांगितलेली ओळही खाली घातली: स्क्रीन आपोआप चालते, ते चेहरे या बाईंनी पाठवलेले नाहीत. वर शिक्का. मी सही अशी ठोकली की कागद फाटायचाच राहिला. इतका आनंद मला अकरा वर्षांत झाला नव्हता.

ताईंनी कागद दोनदा वाचला. भाऊ पाचला घरी येतो, म्हणाल्या, आत्ता निघाले तर गाठ पडेल.

मी बदली म्हणून दुसऱ्या मॉडेलचा फोन आणायला आत गेले. बाहेर आले तर काउंटर रिकामा. दारातून पाहिलं, तर ताई कागद दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडत होत्या. फोन माझ्याच हातात राहिला, पण मी हाक मारली नाही.