बाराव्याचे तांदूळ

इब्रामपूरच्या शिवदास वाण्याचं दुकान अकरा दिवस बंद होतं. बायको जिवंत असताना जे एक दिवस बंद राहिलं नाही, ते ती गेल्यावर सुतकाने बंद करून दाखवलं. गणेशचवथीच्या तोंडावर शेवंतीच्या पोटात कळा येऊ लागल्या, तेव्हा हा म्हणाला होता, "एवढी चवथ जांव दी, मगे पणजेक मोठ्या डॉक्टराकडे व्हरतंय." चवथीचा हंगाम गेला आणि पाठोपाठ शेवंतीही गेली.

आमोण्याहून तिचा धाकटा भाऊ भिकाजी आला होता. तोही वाणीच, नदीकाठी त्याचं दुकान. आल्यापासून तो मेहुण्याशी अक्षर बोलला नव्हता. उद्या बारावं. माहेरचं माणूस पानावर न बसता उठून गेलं, तर शेवंतीच्या आत्म्याला काय वाटेल, ही एकच धास्ती शिवदासच्या जिवाला लागली होती. बाकी सगळ्याचा त्याला कंटाळा आला होता, श्वास घ्यायचासुद्धा.

संध्याकाळी तो पोत्याशी बसून उद्याच्या जेवणाचे तांदूळ मापाने टोपलीत ओतू लागला. वाणी पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. चाळीस वर्षांचं वळण ते. पहिलं माप टोपलीत पडलं आणि तोंडातून निघून गेलं, "लाभ!"

भिकाजी ताडकन उठला. "बायच्या बाराव्याचे तांदूळ हे, भावजी! हेच्यातय लाभ?"

शिवदासने मान खाली घातली. माणसाने किती हलकं व्हावं, याला काही सीमा? आता हा जाणारच, असं त्याने मनाशी धरलं.

पण भिकाजीने माप हिसकावलं, टोपली पोत्यात उपडी केली आणि स्वतःच मोजायला बसला. माप काठोकाठ भरून त्याने ओतलं.

"लाभ," तो म्हणाला.

आणि त्याचा हात तिथेच थांबला. 

"माका निरोप इल्लो," तो खालमानेने म्हणाला. "बाय दुखण्यान पडली म्हणान. चवथ झाल्यार येतंय, असां सांगून धाडलंय. दुकानात गिऱ्हाईक होतां."

 उद्या हा पानावर बसणार, एवढं शिवदासला कळलं. पण त्याचा आनंद काही झाला नाही. अंथरुणावरून शेवंती सारखी दाराकडे का बघायची, ते त्याला आत्ता समजलं. नवऱ्याची आशा तिने केव्हाच सोडली होती; ती भावाची वाट बघत होती.