मागे धरायचा आरसा

जन्मभर दुसऱ्यांच्या माना सरळ करणाऱ्या या माणसाला स्वतःची मान काही कधी वाकवता आली नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळायचं, कानामागे दोन बोटं टेकवायची आणि म्हणायचं, मान ताठ ठेवा. दिवसातून पन्नास वेळा. त्यावरून त्याचं नाव पडलं ताठमाने. नव्या लोकांना ते आडनावच वाटायचं. एकदा त्या नावाने पत्र आलं, तर पोस्टमनने ते बिनचूक दुकानात आणून दिलं.

दुकान दोन खुर्च्यांचं. रस्त्याकडची खुर्ची ताठमान्याची, आतली त्याच्या धाकट्या भावाची. समोर भिंतभर एकच आरसा. पंचवीस वर्षं दोघांनी त्या आरशात बघून एकमेकांशी गप्पा मारल्या, हात आपापल्या कामात आणि तोंड समोर. सुट्टीच्या दिवशी अर्धं शटर उघडून थोरला धाकट्याचे केस कापायचा, मग धाकटा थोरल्याचे. स्वतःचे केस कारागिराला स्वतः कापता येत नाहीत, त्याला सख्खा भाऊ लागतो, असं ताठमाने गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

मग ती दुपार आली. ताठमान्याला साखर निघालेली, गोळ्या चालू. गोळी घ्यायची आणि जेवायचं मात्र नाही, हा त्याचा खाक्या. एवढं एक डोकं उरकतो, मग खातो. बायको होती तोवर ती डबा घेऊन खुर्चीशेजारी उभी राहायची, घास पोटात गेल्याशिवाय हलायची नाही. ती गेली आणि डबा जसा यायचा तसाच घरी परत जायला लागला. त्या दिवशी दुकान भरलेलं होतं, खुर्चीत शाळेतले एक मास्तर होते, गळ्याला फेस लावलेला, आणि ताठमान्याच्या हातातला वस्तारा थरथरायला लागला. त्याला घाम फुटला होता, पण हात थांबत नव्हता. धाकट्याने आरशात ते पाहिलं, दोन ढांगांत पुढे आला, भावाच्या हातातला वस्तारा काढून घेतला आणि म्हणाला, "दादा, तू बस. मी करतो."

पाच माणसं बाकावर बसून बघत होती. ताठमाने बाहेर गेला, कपाळ पुसून परत आला आणि मास्तर उठून जाईपर्यंत दाराशी उभा राहिला. मग मात्र त्याने डोक्यात राख घालून घेतली. भर दुकानात माझी बिनपाण्याने केलीस, म्हणाला. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला, म्हणाला. आणि शेवटी, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं: "उद्या येऊन माझे पाय धरलेस तरी मी तुझं तोंड बघणार नाही."

बोलून तर बसला. आता समोर भिंतभर आरसा असताना भावाचं तोंड बघायचं नाही म्हणजे खायचं काम आहे का? त्यावरही या पठ्ठ्याने तोडगा काढला. आरशात जिथे धाकट्याचा चेहरा पडायचा, बरोबर तिथे त्याने एक कॅलेंडर चिकटवलं. वर्ष संपलं, दुसरं संपलं, कॅलेंडर तेच. गिऱ्हाइकं तारीख बघायला जायची आणि गोंधळून जायची. दोन खुर्च्यांच्या मधली फरशीची ओळ ही हद्द ठरली. आपापल्या बाजूचे केस ज्याने त्याने झाडायचे. चार वर्षं अशी गेली. धाकट्याने सुरुवातीला दोनदा बोलून पाहिलं, मग तोही मूग गिळून बसला. केस कापायला ताठमाने पुलापलीकडच्या दुकानात जाऊ लागला. तिथला पोरगेला कारागीर हाताने चांगला होता, पण काम झाल्यावर मागे आरसा धरून दाखवायचा नाही. ताठमाने तसाच उठून यायचा.

आता एक गोष्ट या धंद्याबाहेरच्या माणसाला माहीत नसते. कापलेला केस सुईसारखा असतो. आखूड, ताठ केस कारागिराच्या बोटांच्या बेचक्यात, तळपायात शिरतो आणि आतल्या आत सरकतो. साध्या माणसाला तो टोचतो, तो शिव्या घालत काढून टाकतो. ताठमान्याच्या पायांना मात्र साखरेने काही कळेनासंच झालं होतं. डोळेही अधू झालेले, त्यामुळे आपल्या बाजूची फरशी त्याला झाडल्यासारखी वाटायची, झाडलेली नसायची. डाव्या पायाच्या करंगळीत असा एक केस केव्हा गेला, केव्हा चिघळला, त्याला पत्ता नाही. मोज्याला वास यायला लागला तेव्हा तो दवाखान्यात गेला. करंगळी कापावी लागली.

पट्टी करणारी सिस्टर वयाने त्याच्या मुलीएवढी, पण जिभेला धार होती. तिने त्याला समोर बसवून बजावलं. रोज सकाळी पाय कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या मधे कोरडे करायचे, आणि तळवा बघायचा. रोज म्हणजे रोज. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. वेळेवर जेवायचं.

"वाकता येत नसेल तर तो तुमचा मागे धरायचा आरसा घ्या," ती म्हणाली. "त्यातूनही दिसत नसेल तर दुसऱ्या कुणालातरी दाखवा. पण बघितलाच पाहिजे. आता जखम झाली ना काका, तर पुढचं बोट नाही, पाऊल जाईल."

पाऊल गेलं तर उभं राहणं गेलं, आणि बसून केस कापता येत नाहीत. हे तिने सांगायची गरज नव्हती.

लांबच्या गावी दिलेली मुलगी रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला फोन करायची. पहिला प्रश्न, बाबा, पाय बघितलात? तो म्हणायचा, बघितला. छान आहे. खरं काय होतं ते ऐका. पहिल्या दिवशी त्याने पलंगावर बसून पाय गुडघ्यावर घ्यायचा प्रयत्न केला, कंबर वाकेना. आरसा जमिनीवर ठेवून वर पाय धरला, तर आरशात एक पिवळट डाग दिसला. तो तळवा होता की छताचा दिवा, देव जाणे. चार दिवस त्याने खटपट केली, मग सोडून दिली. पण फोनवरचं उत्तर तेच राहिलं. मुलीला खोटं सांगताना त्याचा जीव तुटायचा, पण खरं सांगितलं तर ती विचारणार, मग काकाला का नाही दाखवत?

दोन महिन्यांनी एका सकाळी मोजा काढताना त्याच्या बोटांना टाचेपाशी ओलं लागलं. मसुरीच्या दाण्याएवढा ओला डाग. पाय दुखत नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. दवाखान्यात जायचं धैर्य होईना. तिकडे गेलं की कापतात, एवढंच डोक्यात. आधी आपण बघू, काही नसेलही.

म्हणून तो तासभर लवकर दुकानात आला, शटर अर्धं वर केलं, आपल्या खुर्चीत बसला आणि डावा पाय उचलून कसाबसा आरशाखालच्या कट्ट्यावर ठेवला, बाटल्या आणि कंगव्यांच्या मधे. एका हातात मागे धरायचा आरसा. समोरच्या मोठ्या आरशात हातातला आरसा, हातातल्या आरशात तळवा. आयुष्यभर लोकांना त्यांच्या माना अशाच दाखवल्या होत्या, मग आपला पाय का दिसू नये? पण हात थरथरत होता, सकाळची गोळी पोटात होती आणि वर घास नव्हता. आरशात कधी दार दिसायचं, कधी पंखा, कधी ते मेलं कॅलेंडर. त्याला रडू यायला लागलं.

तेवढ्यात धाकटा शटरखालून वाकून आत आला आणि जागच्या जागी थांबला. थोरला भाऊ खुर्चीत, एक पाय कट्ट्यावर, हातात आरसा, डोळ्यांत पाणी. कुणीही हसलं असतं. धाकटा हसला नाही. त्याने पिशवी ठेवली, साबणाने हात धुतले, कोरडे केले. लहान मुलांना बसवायची फळी काढून त्याने दोन डब्यांवर टाकली, खुर्चीसमोर तिच्यावर बसला आणि भावाचा पाय दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

पायाला हात लागल्याचं ताठमान्याला कळतच नव्हतं, नुसतं दिसत होतं. धाकट्याने आधी करंगळीच्या जागेवरून बोट फिरवलं आणि क्षणभर डोळे मिटले. बोट कापलेलं त्याला बाकावरच्या गिऱ्हाइकांकडून कळलं होतं. मग त्याने बोटांच्या बेचक्या एकेक करून बघितल्या, तळवा दिव्याकडे वळवला.

"दादा, टाचेत केस आहे. आत गेलाय. बाजूला लाल झालंय." टाचेला बोट लावून त्याने विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

"मग आत्ताच दवाखान्यात जायचं."

तरी त्याने पाय खाली ठेवला नाही. मान खाली घालून तसाच बसून राहिला, आणि ताठमान्याला वरून त्याचं डोकं दिसत होतं. चार वर्षांत टाळूवरचे केस विरळ झालेले. मानेवरची रेघ वाकडी, एका कानामागे केस सोडलेले. कुणाकडून कापून घेत होता कोण जाणे.

"आज धरलेत बघ पाय," धाकटा हळूच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"ते बोललो तेव्हा माझ्या पोटात अन्न नव्हतं रे," ताठमाने म्हणाला.

"माहीत होतं मला. म्हणून तर वस्तारा घेतला. पण सगळ्यांसमोर घ्यायला नको होता, ते माझं चुकलं. चार वर्षं तेच मनात येतंय."

"इकडे बघ," ताठमाने म्हणाला. धाकट्याने तोंड वर केलं. दोघांचीही तोंडं बघण्यासारखी नव्हती, आणि दोघंही बघत राहिले.

दुकान त्या दिवशी बंदच राहिलं. जाण्याआधी धाकट्याने आपला डबा उघडून भावाला चार घास खायला लावले आणि घास पोटात जाईपर्यंत हलला नाही. सिस्टरने केस काढला, जखम धुतली आणि ताठमान्याची यथेच्छ कानउघाडणी केली. अजून आठवडा गेला असता तर मला काही करता आलं नसतं, म्हणाली. मग धाकट्याकडे वळून विचारलं, तुम्ही कोण? भाऊ, तो म्हणाला. मग इतके दिवस कुठे होतात, असं तिने विचारलं आणि दोघंही जमिनीकडे बघायला लागले.

तेव्हापासून रोज सकाळी शटर अर्धं असताना धाकटा फळीवर बसतो आणि पाय मांडीवर घेतो. पाच मिनिटांचं काम. बेचक्या, तळवा, टाच, मग कोरडा मोजा आणि बंद बूट. मग दोघं डबा खातात, आधी नाही जमलं तर पहिल्या गिऱ्हाइकाला थांबवून. फरशी झाडताना मधली ओळ आता कुणी पाळत नाही. कॅलेंडर निघालं, त्याच्या डिंकाचे चार डाग तेवढे आरशावर राहिले, खरवडूनही गेले नाहीत.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पाय बघून झाला, खाणं झालं, आणि ताठमान्याने आपली खुर्ची झटकून धाकट्याला म्हटलं, बस. केस कापले. मग कात्री ठेवून वस्तारा उचलला आणि थांबला. त्या दुपारनंतर धाकट्यासमोर तो कधी वस्तारा धरत नव्हता, दाढीचं गिऱ्हाईक आतल्या खुर्चीकडे पाठवायचा. धाकट्याने आरशात ते पाहिलं. कॉलर खाली ओढली, मान पुढे झुकवली आणि डोळे मिटले. ताठमान्याने कानामागे दोन बोटं टेकवली. हात स्थिर होता. त्याने सावकाश, एका रेषेत मान साफ केली, आणि मग मागे आरसा धरला.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती, तिला अजून काही सांगितलं नव्हतं. बाबा, पाय बघितलात?

"काकाने बघितला," ताठमाने म्हणाला.

पलीकडून तिने अगदी हळू विचारलं, "कोणी?"

"काकाने गं," त्याने पुन्हा सांगितलं, खुर्चीतल्याला ऐकू जाईल अशा बेताने. "रोज बघतो."